वेबसाठी टॅबलेट घेताना: आयपॅड, गॅलक्सी टॅब, शाओमी पॅड आणि वनप्लस पॅड गो समोरासमोर

घरात टॅबलेटवर होणारं बरंचसं काम ब्राउझरमध्येच होतं: ई-पेपर, परीक्षेचा अर्ज, बँक, सातबारा, मुलांचे वर्ग. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत छापलेले असतात आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), १४४ हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो) आणि ८००० एमएएच (बॅटरीची क्षमता). पान किती चटकन उघडेल आणि उघडलेलं पान टिकेल का, हे या तिन्हींपैकी एकाही आकड्यावरून कळत नाही. म्हणून इथे पाच टॅबलेट फक्त वेबच्या बाजूने तोलले आहेत. कॅमेरा, स्पीकर, गेम यांचा विचार केलेला नाही.

| मॉडेल | प्रोसेसर | कोअर | रॅम | पडदा | वाय-फाय |
|---|---|---|---|---|---|
| आयपॅड ए१६ (मार्च २०२५) | ॲपल ए१६ | २ मोठे, ३ लहान | ६ जीबी | २३६०×१६४०, ६० हर्ट्झ | ६ |
| शाओमी पॅड ६ (भारतात जून २०२३) | स्नॅपड्रॅगन ८७० | ४ ए७७, ४ ए५५ | ६ किंवा ८ जीबी | २८८०×१८००, १४४ हर्ट्झ | ६ |
| गॅलक्सी टॅब एस९ एफई (ऑक्टोबर २०२३) | एक्झिनॉस १३८० | ४ ए७८, ४ ए५५ | ६ किंवा ८ जीबी | २३०४×१४४०, ९० हर्ट्झ | ६ |
| गॅलक्सी टॅब ए९ प्लस (ऑक्टोबर २०२३) | स्नॅपड्रॅगन ६९५ | २ ए७८, ६ ए५५ | ४ किंवा ८ जीबी | १९२०×१२००, ९० हर्ट्झ | ५ |
| वनप्लस पॅड गो (ऑक्टोबर २०२३) | हेलिओ जी९९ | २ ए७६, ६ ए५५ | ८ जीबी | २४०८×१७२०, ९० हर्ट्झ | ५ |

तक्त्यात ए७६, ए७७, ए७८ हे मोठे, वेगवान कोअर आणि ए५५ हे लहान; वाय-फायचा आकडा म्हणजे त्याची पिढी.

बाजारात आले तेव्हा आयपॅड ३४,९०० रुपयांना, एस९ एफई ३६,९९९ ला, पॅड ६ २६,९९९ ला आणि पॅड गो १९,९९९ ला होता. ए९ प्लस वीस हजारांच्या आसपास. २०२३ चे चारही आता सवलतीत किंवा जुन्या बाजारात आणखी खाली मिळतात, त्यामुळे भाव त्या दिवशी बघूनच ठरवावा.

कोअर मोजू नका, मोठा कोअर कोणता ते बघा

पान आलं की ब्राउझर एचटीएमएल (पानाचा मजकूर) वाचतो, सीएसएस (पानाचं रूप) लावतो, जावास्क्रिप्ट (पानातला प्रोग्राम) चालवतो आणि मजकुराची मांडणी करतो. एका पानासाठी ही कामं मुख्यतः एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेत), एकामागून एक होतात. फोटो उलगडायला, नेटवर्क सांभाळायला, पडदा रंगवायला इतर कोअर हात लावतात खरे, पण जावास्क्रिप्ट अडकलं की बाकीचे सगळे वाट बघत बसतात. म्हणूनच पाच कोअरचा ए१६ इथल्या आठ कोअरवाल्या प्रत्येक चिपच्या पुढे जातो.

फरक किती आहे? प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच ६ च्या सिंगल-कोअर (एकाच कोअरच्या) चाचणीत ढोबळमानाने ए१६ ला अडीच हजारांच्या पुढे, स्नॅपड्रॅगन ८७० ला अकराशेच्या आसपास, एक्झिनॉस १३८० ला हजार, स्नॅपड्रॅगन ६९५ ला नऊशे आणि हेलिओ जी९९ ला सातशेच्या थोडे वर गुण मिळतात. गूगलच्या निकषाप्रमाणे बोट टेकवल्यापासून पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिला तर चांगला, ५०० च्या पुढे गेला तर वाईट. आता हिशोब करा: एखादा ड्रॉपडाउन (पर्यायांची खाली उघडणारी यादी) आयपॅडवर १५० मिलिसेकंद घेत असेल, तर पॅड गोच्या जी९९ वर तोच ५०० च्या घरात जातो. बोट टेकवलं, काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा टेकवलं आणि दोन्ही टिचक्या एकदम लागून भलताच पर्याय निवडला गेला. स्वस्त टॅबलेटवर होणारा हा वैताग इंटरनेटमुळे नसतो, त्यामुळे प्लॅन बदलून तो जात नाही.

हर्ट्झचंही तसंच आहे. पान वरखाली सरकवणं ब्राउझर वेगळ्या थ्रेडवर करतो, त्यामुळे ९० हर्ट्झचा पडदा हाताला गुळगुळीत लागतो. पण मजकूर तयार व्हायला उशीर झाला की सरकवताना पांढरे चौकोन दिसतात. ६० हर्ट्झच्या आयपॅडवर बातम्यांचं जड पान सरकवताना किंचित थरथर जाणवेल, पण रिकामे चौकोन फारसे दिसणार नाहीत. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची.

रॅम: भरलेला अर्ज कुठे जातो

परीक्षेचा अर्ज अर्धा भरला आहे. आता फोटो जोडायचा म्हणून "फाइल निवडा" दाबलं, गॅलरी उघडली, फोटोचा आकार कमी करायला तिसरं ॲप उघडलं. परत ब्राउझरमध्ये आलात तर पान पहिल्यापासून लोड होतंय आणि नाव, पत्ता, गुण सगळं कोरं. कारण साधं आहे: रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेल्या ॲपला बंद करतं, आणि त्या क्षणी मागे पडलेला असतो तो ब्राउझर. आयपॅडओएसही हेच करतं. सफारीमध्ये तर समोर असलेलं जड पानही कधी कधी स्वतःहून पुन्हा लोड होतं.

४ जीबीच्या ए९ प्लसवर हे इतक्या सहज घडतं की वेबसाठी तो घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइडमध्ये ८ जीबी घ्यावी. ६ जीबीत चालतं, पण दहा-बारा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर जुने टॅब परत लोड होताना दिसतील. आयपॅडची ६ जीबी त्यामानाने जास्त पुरते. "रॅम प्लस" किंवा "व्हर्च्युअल रॅम" यांवर भरवसा ठेवू नका. त्यात स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरतात, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं.

टॅबलेट कोणताही असो, अर्ज भरताना फोटो आणि सही आधीच मागितलेल्या आकारात करून ठेवा, इतर टॅब बंद करा, ओटीपी शक्यतो फोनवर घ्या आणि "जतन करा"चं बटण दिसलं की प्रत्येक पानावर दाबा.

ब्राउझर: इथे अँड्रॉइडची बाजू भक्कम

आयपॅडवर क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, भारतात आतलं इंजिन (पान वाचून दाखवणारा गाभा) ॲपलचं वेबकिटच असतं. म्हणजे एखादी साइट सफारीत अडली तर दुसरा ब्राउझर उघडूनही बहुधा तिथेच अडेल. अँड्रॉइडवर क्रोमचं इंजिन वेगळं, फायरफॉक्सचं वेगळं, त्यामुळे एकाने नकार दिला तर दुसरा खरोखर दुसरा असतो.

त्याहून मोठा फायदा जाहिरातींचा. मराठी बातम्यांच्या साइटवर लेखापेक्षा जाहिरातींच्या स्क्रिप्टच प्रोसेसरला जास्त दमवतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) चालत नाहीत, पण फायरफॉक्समध्ये चालतात. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं की पॅड गोसारख्या हळू टॅबलेटवरही बातमीचं पान सुसह्य होतं. सॅमसंगच्या दोन्ही टॅबलेटवर सॅमसंग इंटरनेट ब्राउझरला जाहिरात अडवणारी जोडॲप्स लावता येतात. आयपॅडवर सफारीसाठी कंटेंट ब्लॉकर मिळतात, आणि तेही चांगलं काम करतात. पैसे भरण्याच्या पानावर मात्र ब्लॉकर त्या साइटपुरता बंद करा, नाहीतर बँकेकडे जाणारं पान मध्येच लटकतं. आणि जे वृत्तपत्र रोज वाचता त्याची वर्गणी जरूर भरा, कारण जाहिराती अडवल्या की त्याचं उत्पन्न बुडतं.

आणखी एक फरक दीर्घकाळाचा. अँड्रॉइडवर क्रोम आणि सिस्टिमचा वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) प्ले स्टोअरमधून अपडेट होतात, त्यामुळे कंपनीने अँड्रॉइडची नवी आवृत्ती देणं थांबवलं तरी ब्राउझर काही वर्षं ताजा राहतो. सफारीचं इंजिन आयपॅडओएसबरोबरच येतं. ते थांबलं की ब्राउझरही तिथेच गोठतो. ॲपल एकेका आयपॅडला बरीच वर्षं अपडेट देतं, म्हणून नव्या यंत्रात याची चिंता नाही. जुन्या आयपॅडमध्ये आहे.

मोबाइलचं पान की डेस्कटॉपचं

२०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून सफारी साइटला स्वतःची ओळख मॅक म्हणून करून देते आणि डेस्कटॉपचं पान मागते. ए१६ ला ते झेपतं. पण काही जुन्या साइटवर मेन्यू फक्त माउस वर नेल्यावर उघडतो, आणि बोटाला ते जमत नाही. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीतल्या पानाच्या मेन्यूतून मोबाइल साइट मागा. अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन टिंबांच्या मेन्यूत "डेस्कटॉप साइट"ची खूण असते. ए९ प्लस आणि पॅड गोवर ती काढून ठेवा. बहुतेक साइटचं मोबाइलचं पान हलकं असतं आणि फरक लगेच कळतो.

ई-पेपर आणि जोडाक्षरं

ए९ प्लसवर एका इंचात सुमारे २०६ पिक्सेल येतात. एस९ एफईवर २४९, पॅड गोवर २६१, आयपॅडवर २६४ आणि पॅड ६ वर ३०९. बातमीच्या साध्या पानावर २०६ पुरतात. वृत्तपत्राचं अख्खं पान उभ्या पडद्यावर बसवलं की मात्र रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, "द्ध" आणि "द्व" ओळखायला पान मोठं करावं लागतं. पॅड गोचा ७:५ आकार (लांबी-रुंदीचं प्रमाण) या कामाला पाचांतही उजवा, आयपॅड त्याच्या जवळपास. बाकी तिघांचे १६:१० चे पडदे उभे धरले तर अरुंद पडतात. आडवे धरून कीबोर्ड उघडला तर अर्जाचे दोनच रकाने दिसतील इतकी जागा उरते.

सरकारी कामं

महाभूमीच्या साइटवरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून पाचही टॅबलेटवर उतरवता येतो. अशा साइटवर पावती किंवा उतारा नव्या खिडकीत उघडत असेल तर पॉप-अप अडवल्यामुळे बटण दाबूनही काही घडत नाही. सफारीच्या सेटिंगमध्ये "ब्लॉक पॉप-अप्स" तेवढ्यापुरतं बंद करा, क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये परवानगी द्या. आयपॅडवर उतरवलेली पीडीएफ फाइल्स ॲपच्या डाउनलोड्समध्ये जाते.

यूएसबी टोकनवरची (पेनड्राइव्हसारख्या उपकरणावरची) डिजिटल सही लागणारं काम असेल, उदाहरणार्थ निविदा, तर पाचही बाद. त्याला संगणकच हवा. सेवा केंद्रात आधारचं अंगठ्याचं मशीन जोडायचं असेल तर अँड्रॉइडच घ्या, कारण त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) अँड्रॉइड आणि विंडोजवर चालते, आयपॅडवर नाही. आणि फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. नकाशावर शेताचा अचूक ठिपका हवा असेल तर सिमचा आयपॅड लागतो.

ऊन हाही मुद्दा आहे. ॲपल आयपॅडसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी त्याहून बरंच जास्त असतं. तापलेला कोणताही टॅबलेट प्रोसेसरचा वेग स्वतःच कमी करतो, पडदा मंद करतो. चार्जिंगला लावून, जाड कव्हरमध्ये ठेवून व्हिडिओवर्ग चालवला तर हे लवकर होतं. कव्हर काढा, चार्जर काढा, वेग परत येतो.

दुकानात पंधरा मिनिटं

आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा, जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर. बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते बघा. दुकानातलं डेमो ॲप मागे चालू असतं आणि गुण खाली ओढतं, म्हणून विक्रेत्याला ते बंद करायला सांगा. मग ब्राउझरबेंच डॉट ऑर्ग उघडून स्पीडोमीटर ३ ही ब्राउझरचा वेग मोजणारी चाचणी तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा. ही चाचणी मार्च २०२४ मध्ये ॲपल, गूगल, मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून आणली, त्यामुळे ती एका कंपनीकडे झुकलेली नाही. जितके गुण जास्त तितकं चांगलं. जुन्या परीक्षणात तीन अंकी गुण दिसले तर ते बहुधा स्पीडोमीटर २ चे असतात. दोन्हींची तुलना करू नका. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच पडला तर यंत्र तापून मंदावतंय.

त्यानंतर दहा टॅब उघडा: दोन वृत्तपत्रं, नकाशा, यूट्यूब, जीमेल, एखादा ई-पेपर, बाकी तुमच्या नेहमीच्या साइट. मग पहिल्या टॅबवर परत जा. पान जसंच्या तसं असेल तर रॅम पुरते. पुन्हा लोड झालं तर घरीही तेच होणार.

कोणी काय घ्यावं

मुख्य काम वेब आणि टॅबलेट पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर आयपॅड ए१६. या किमतीत पान उघडण्याच्या वेगाला या पाचांत जोड नाही. एस९ एफई आला तेव्हा त्याहून महाग होता आणि वेबवर निम्म्याहून हळू आहे. तो पेनासाठी, पाण्यापासून संरक्षणासाठी, मेमरी कार्डासाठी घ्यावा. पेन खोक्यातच मिळतो, आयपॅडचा वेगळा घ्यावा लागतो.

अँड्रॉइडच हवा असेल तर ८ जीबीचा पॅड ६ वेबसाठी सर्वांत फायद्याचा, पण त्यात सिम बसत नाही. वीस हजारांच्या आसपास ए९ प्लस आणि पॅड गो यांत निवड अवघड आहे. अर्ज, बँक, सरकारी साइट जास्त असतील तर ८ जीबीचा ए९ प्लस, कारण त्याचा मोठा कोअर बरा आहे. दिवसाचा बराच वेळ वाचनात जाणार असेल तर पॅड गो, फायरफॉक्स आणि ब्लॉकरसकट.

जुना आयपॅड स्वस्तात मिळतोय म्हणून मोह होत असेल तर आधी सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून आवृत्ती वाचा. २०१४ चा आयपॅड एअर २ आयपॅडओएस १५ वर थांबला आहे. तो दिसायला कितीही नवा असला तरी त्यातली सफारी आता पुढे जाणार नाही, आणि नव्या साइट एकेक करून त्यावर अडत जातात. अँड्रॉइड जुना घेत असाल तर तिथेच प्ले स्टोअर उघडून क्रोम अपडेट होतो का ते करून बघा. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना आता किमान अँड्रॉइड १० लागतं.