कन्सोल, हँडहेल्ड की खिशातला फोन: पैसे नेमके कुठे घालायचे?

पुण्यात नॉडिंग हेड्स नावाचा एक गेम स्टुडिओ आहे आणि सुपरगेमिंग नावाचा दुसरा. नॉडिंग हेड्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला गेम बनवला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आणला. म्हणजे जे यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्यावर. सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस बॅटल रोयाल' काढला, तो अँड्रॉइड आणि आयफोनवर, आणि फुकट. शहर एकच, पण एकाने जगभरातला पैसे मोजून गेम घेणारा खेळाडू गाठला, तर दुसऱ्याने गल्लीतला, हातात फोन असलेला. गेमिंगचं भविष्य फोनचं की कन्सोलचं, हा वाद त्यामुळे मला फार ताणावासा वाटत नाही. दोन्ही बाजार आहेत आणि राहणार. तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: चाळीस-पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत, ते चांगल्या फोनमध्ये घालायचे, टीव्हीखालच्या डब्यात म्हणजे कन्सोलमध्ये, की हातात धरायच्या हँडहेल्डमध्ये?

चिप कोणाची जोरात, यावर मी फार वेळ घालवणार नाही. तो मुद्दा निकालात निघालाय. २०२३ च्या ऑक्टोबरात 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज' हा कन्सोलवरचा गेम जसाच्या तसा आयफोन १५ प्रो वर आला, मागोमाग 'डेथ स्ट्रँडिंग' आणि 'असॅसिन्स क्रीड मिराज'. फोनमध्ये दम आहे हे सिद्ध झालं. पण म्हणून कोणी प्लेस्टेशन विकून टाकला नाही. का, ते खाली येईलच.

फोन: फुकटात सुरू, मग?

जगभरातल्या गेमिंगच्या उलाढालीत सुमारे निम्मा वाटा मोबाइलचा आहे. भारतात तर गेमिंग म्हणजे मोबाइलच. फोन आधीच घेतलेला असतो, त्यामुळे गेमसाठी वेगळा खर्च शून्य. बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळायला बसलं की हॉस्टेलच्या खोलीतले चौघं, गावाकडचा मावसभाऊ आणि कंपनीतला एखादा सीनियर असे सगळे एकाच स्क्वॉडमध्ये येतात. हे कुठल्याही कन्सोलला इथे जमलेलं नाही, पुढच्या दहा वर्षांत जमेल असंही वाटत नाही. मित्र जिथे खेळतात तिथेच आपण खेळतो, यापुढे ग्राफिक्सचं काही चालत नाही.

आता दुसरी बाजू. फुकटचे गेम आवळा देऊन कोहळा काढतात. यूसी (गेममधलं चलन), रॉयल पास, स्किन (पात्राचे, बंदुकांचे नवे रंग-पोशाख), लकी स्पिन. दर वेळी शंभर-दोनशे रुपये, आणि यूपीआयमुळे ते जाताना टोचतही नाहीत. वर्षाचा हिशेब कोणी मांडत नाही, एकदा मांडून पाहा. घरात बारा-तेरा वर्षांचं पोरगं असेल तर जरूरच मांडा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, पण ही स्किनची विक्री त्या बंदीत येत नाही. ती राजरोस चालू आहे.

शिवाय फोनवरचा गेम तुमच्या हातात असतो, मालकीचा नसतो. पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी बंदीने गेला. त्याच्या जागी बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात विकत घेतलेल्या बंदुकांचे रंग काय कामाचे होते? सरकारचं जाऊ द्या, कंपन्याही हेच करतात. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ ने जुन्या ३२-बिट ॲपना दार बंद केलं आणि पैसे देऊन घेतलेले किती तरी गेम उघडेनासे झाले. 'इन्फिनिटी ब्लेड' ही तिन्ही भागांची गाजलेली मालिका डिसेंबर २०१८ मध्ये ॲप स्टोअरवरून काढूनच टाकली.

आणि खेळण्याचा अनुभव? काचेवर अंगठे घासत नेम धरायचा, त्याच अंगठ्यांनी निम्मी स्क्रीन झाकायची. एप्रिल-मेमध्ये विदर्भात जड गेम अर्धा तास चालवला की फोन तापतो, तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो, आणि नेमक्या शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे ऐन निकालाच्या वेळी, गेम अडखळायला लागतो. मागे चिकटवायचे पंखे मिळतात, क्लिपवाले कंट्रोलरही मिळतात. पण एवढं सगळं लावल्यावर फोन खिशात राहत नाही. मग फोनवर खेळण्याचा फायदा तो काय उरला?

गेमसाठी म्हणून साठ-सत्तर हजारांचा फोन घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यासाठी घ्या, कामासाठी घ्या. पंचवीस-तीस हजारांचा फोन बीजीएमआय आणि 'रिअल क्रिकेट' उत्तम चालवतो.

टीव्हीखालचा डबा

सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस५, भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला: डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचा ३९,९९० ला. पुढे दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले. इथेच या पिढीतला मोठा बदल दिसतो. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि दोन वर्षांत १९९ वर उतरला. आता उलटं चाललंय. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलरचा होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये ६४९ वर गेला. 'थांबतो, किंमत उतरू दे' हा आपला आवडता सल्ला या वेळी कामाचा नाही. घ्यायचाच असेल तर सेलमध्ये घ्या, पण वर्षभर वाट बघत बसू नका.

यंत्राच्या किमतीवर हिशेब संपत नाही. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो, आणि बहुतेक विकतचे गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते. फुकटच्या 'फोर्टनाइट'सारख्या गेमला ती लागत नाही. एका गेमचा आकार शंभर-सव्वाशे जीबी असणं आता नेहमीचं. रोज दोन जीबीच्या मोबाइल डेटावर असा गेम उतरवायला दोन महिने लागतील. म्हणजे घरी ब्रॉडबँड हवं. टीव्ही हवा, आणि तो टीव्ही संध्याकाळी सात ते दहा तुमच्या हाती असायला हवा. दोन खोल्यांच्या घरात मालिकांच्या वेळी कन्सोल लावून दाखवा, मग बोलू.

पण एकदा हे जमलं की जे मिळतं ते फोन देत नाही. गेम पूर्ण असतो. सुरुवात, मध्य, शेवट. चाळीस तासांची गोष्ट, मध्ये कोणी 'ऑफर संपत आली' म्हणून हाका मारत नाही. अपवाद आहेत, फुटबॉलच्या गेममधली, आत कोण निघेल ते न सांगता विकलेली खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं हा तर सरळ जुगाराचा भाऊ आहे. तरी कन्सोलवर असे गेम टाळून वर्षानुवर्षं मजेत खेळता येतं. फोनवर टाळायचं म्हटलं तर हाताशी फार थोडं उरतं.

आणि डिस्क. पीएस५ घेणार असाल तर डिस्कवालाच घ्या, हा सगळ्या लेखातला माझा सर्वांत ठाम सल्ला. किमतीत फरक दिसतो खरा. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) जुनी डिस्क देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरी घेता येते, मित्रांत अदलाबदल होते, संपलेला गेम विकता येतो. चार-पाच गेममध्ये फरक वसूल. बिनडिस्कच्या यंत्रावर घेतलेला गेम तुम्हाला ना विकता येतो, ना सुट्टीत भाच्याला देता येतो. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेट मागून खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक्सबॉक्सबद्दल थोडक्यात: डबा म्हणून घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच आपले गेम पीसीवर आणि आता पीएस५ वरही आणतंय. 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर गेला. पीएस५ प्रो या वरच्या मॉडेलसाठीही जीव टाकू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगात आला तेव्हा भारताला वगळलं होतं, कारण त्याच्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तोवर इथे खुला नव्हता.

हँडहेल्ड: मेलेला म्हणून सोडून दिलेला

२०११ मध्ये निन्टेन्डो ३डीएस आला आणि सहा महिन्यांत त्याची किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. सोनीचा व्हिटा हा हँडहेल्ड तर उभाच राहिला नाही. पुढे २०१९ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं. सगळे म्हणाले, फोनने हँडहेल्ड खाल्ला. पण मार्च २०१७ मध्ये स्विच आला आणि १५ कोटींच्या वर खपला.

काय झालं असेल? फोनने खाल्ले ते बसस्टॉपवरचे पाच मिनिटांचे गेम. नोकियावरच्या सापापासून तो प्रांत फोनचाच होता. चाळीस तासांचा गेम मात्र खऱ्या बटणांवाचून गळी उतरत नाही. फोनलाच कन्सोल बनवायचा प्रयत्न नोकियाने २००३ मध्ये एन-गेज काढून केला, सोनी एरिक्सनने २०११ मध्ये एक्सपीरिया प्ले काढून. दोन्ही फसले. स्विचने ते सोडून मोठा गेमच हातात दिला, आणि घरी आल्यावर तोच टीव्हीला लावायची सोय केली.

आज तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला स्विच २, जून २०२५ चा, आला तेव्हा अमेरिकेत ४५० डॉलर. भारतात तो ग्रे मार्केटमधून (कंपनीला वगळून बाहेरून आणलेल्या मालाच्या बाजारातून) मिळतो किंवा न्यू जर्सीचा दादा नाही तर दुबईची आत्या येताना आणते. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन या मालिकांचे खरे मोठे गेम इथेच मिळतात, आणि घरात लहान मुलं असतील तर एकत्र बसून खेळायला याच्या तोडीचं दुसरं यंत्र नाही. पण इथे वॉरंटी नाही, भारताचं ऑनलाइन दुकान नाही, गेम डॉलरमध्ये; 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ची किंमत ८० डॉलर. जुन्या स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरना ड्रिफ्टचा दोष होता, म्हणजे हात न लावता पात्र आपसूक सरकायचं. असं काही झालं तर दुरुस्ती गल्लीतल्या कारागिराच्या भरवशावर. कार्ट्रिजचंही तपासून घ्या: स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये गेम नसतोच, फक्त तो डाउनलोड करायची किल्ली असते.

दुसरा रस्ता पीसी हँडहेल्डचा, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम चालवणाऱ्या हँडहेल्डचा. याची सुरुवात करून देणारा व्हॉल्व्हचा स्टीम डेक भारतात अधिकृतपणे मिळत नाही. पण आसुसचा आरओजी अॅलाय जुलै २०२३ मध्ये इथे रीतसर आला, ६९,९९० रुपयांना; लेनोवो आणि एमएसआयचेही आहेत. बिल मिळतं, वॉरंटी मिळते. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे झोपून खेळताना मनगट बोलतं. पहिल्या अॅलायची बॅटरी जड गेमवर दोन तासांच्या आतच मान टाकते, त्यामुळे पुणे-नागपूर रात्रीच्या प्रवासाला चार्जिंगच्या पॉइंटजवळची सीट बघा. विंडोज असल्यामुळे अधूनमधून अपडेट, ड्रायव्हर, बंद पडलेली खिडकी हेही आलंच. ज्याला हे निस्तरायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

तरीही एकट्या खेळाडूसाठी मला हाच रस्ता सर्वांत दूरवर नेणारा वाटतो, आणि त्याचं कारण यंत्र नव्हे, लायब्ररी. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, किंमत रुपयांत दिसते, सेलमध्ये जुने उत्तम गेम पाचशेच्या आत येतात, आणि यंत्र बदललं तरी गेम तुमच्या खात्यावर राहतात. आज अॅलाय, उद्या लॅपटॉप, परवा आणखी काही. सोनीचे बरेचसे मोठे गेमही उशिरा का होईना पीसीवर आलेत. 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये आला. आपल्याकडचं उदाहरण पाहा: ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा २००६ चा गेम. नवे संघ, नव्या जर्सी खेळणारेच बनवून घालतात आणि पोरं अजून तो खेळतात. पीसीवर आहे म्हणून जिवंत आहे. त्याच वर्षीचा मोबाइलवरचा एखादा गेम आज चालवून दाखवा.

पुढची पाच वर्षं

डब्यांची भिंत पातळ होतेय. मायक्रोसॉफ्टने आसुसबरोबर ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं नाव लावलेला अॅलाय काढला, व्हॉल्व्हने त्याच नोव्हेंबरात टीव्हीखाली ठेवायचा स्टीम मशीन जाहीर केला. क्लाउड गेमिंगही आलंय, म्हणजे गेम सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या स्क्रीनवर नुसतं चित्र येतं. पण गूगलने स्टॅडिया ही अशीच सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली, त्यामुळे क्लाउडच्या भरवशावर गेम विकत घेऊ नका. महिन्याची वर्गणी वाटली तर भरा, नको वाटली की सोडा.

मग निवड कशी करायची? मित्र बीजीएमआयवर असतील तर आहे तो फोन ठेवा, पन्नास हजार वाचले. घरात टीव्ही मोकळा असेल, भावंडं मिळून खेळत असतील, तर डिस्कवाला पीएस५. कामासाठी दर आठवड्याला मुंबई-पुणे करणारे, पीजीमध्ये राहणारे, एकटेच खेळणारे यांनी थोडे पैसे आणखी साठवून पीसी हँडहेल्ड घ्यावा. लॅपटॉप बरा असेल तर आधी त्यावरच स्टीमचं खातं उघडून सेलमध्ये दोन-तीन गेम घ्या, शेवटपर्यंत खेळून होतात का बघा आणि मगच यंत्राकडे वळा. आणि स्विच २? लहान मुलं असतील आणि परदेशातून कोणी आणणार असेल तरच. आणायला सांगताना त्यांना पावती जपून ठेवायला सांगा, कारण बिघडला तर तो त्यांच्याच हाती परत पाठवावा लागेल.