लुकास 14डब्ल्यू वायपर मोटरची दुरुस्ती, वागळे इस्टेट, ठाणे: पाचपैकी चार तारे

पाचवा तारा का कापला ते पुढे येईलच, आधी चार कशासाठी ते. लुकास 14डब्ल्यू ही एमजीबी, मिनी अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांची दोन वेगांची वायपर मोटर. वागळे इस्टेटमधलं हे ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान ती हातात आली की लगेच पाना लावत नाही. "वायपर हळू चालतो" म्हणून एमजीबी किंवा जुनी मिनी घेऊन गेलं की आधी वायपरचे हात उतरवतात, मोटरपासून रॅकची केबल (नळीतून पुढेमागे सरकून पाती हलवणारी) सोडवतात आणि तिच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवून ओढतात. ही केबल नळीतून सरकायला 2.7 किलोपेक्षा जास्त ओढ लागता कामा नये. जास्त लागली तर दोष मोटरचा नाही. नळीत सुकून डिंकासारखं झालेलं ग्रीस तपासायचं, नाहीतर काचेखालचे गंजलेले व्हीलबॉक्स, म्हणजे केबलच्या सरकण्याने पाती फिरवणारे चाकांचे डबे. आपल्याकडे हे फार होतं, कारण आठ महिने वायपरला कुणी हात लावत नाही आणि जूनमध्ये घोडबंदर रोडवर त्याच्याकडून तासन्‌तास काम हवं असतं. केबल जड ठेवून मोटर नवी केली तर तिच्यातल्या नव्या गरारीचेही (दातेरी चाकाचेही) दात जातात.

दुसरी तपासणी अर्थची, म्हणजे वीज बॉडीकडे परत नेणाऱ्या जोडणीची. ही मोटर रबरी गादीवर बसते, बॉडीला टेकत नाही, म्हणून अर्थची वायर वेगळी असते. तिचं टोक काळं पडलं की मोटर रडतरडत चालते आणि बिल मात्र वायंडिंगचं (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं) होतं. इथे मीटर लावून पाहतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात, आणि तेवढ्यावर दुकान पैसे सोडतं ही कौतुकाची गोष्ट.

मोटर उघडावीच लागली तर काम नीट होतं. गिअरचं झाकण काढून क्रँकपिनवरची सर्क्लिप (अडकवायची कडी), तिच्याखालचे वॉशर क्रमाने ट्रेमध्ये मांडतात. गरारीचा दांडा ओढून काढण्याआधी त्याच्या टोकावरची कोर घासून घेतात, नाहीतर ती कोर आतला बुश, म्हणजे दांड्याचं बेअरिंग, ओरबाडते. मागचा डबा, म्हणजे योक, काढताना खरी काळजी लागते. आत दोन सिरॅमिक चुंबक चिकटवलेले असतात. डबा पडला तर ते तडकतात आणि लेथजवळ ठेवला तर लोखंडाचा कीस धरून बसतात. इथे डबा उघडला की लगेच स्वच्छ पिशवीत जातो.

आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आणि त्याच्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर. तो पेट्रोलच्या फडक्याने पुसून बारीक काचपेपरने साफ करतात. एमरी वापरत नाहीत, कारण तिचे कण तांब्यात रुततात. आर्मेचर ग्रोलरवर, म्हणजे गुंडाळीतला शॉर्ट शोधणाऱ्या यंत्रावर, तपासतात. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध 0.23 ते 0.35 ओहम असतो, तो साध्या मीटरवर भरवशाने दिसत नाही, त्यामुळे "मीटरने बघितलं, ओके आहे" म्हणणाऱ्या दुकानात आर्मेचर देऊ नये. बुश सिंटर्ड ब्राँझचा. तो बसवण्याआधी 24 तास तेलात बुडवून ठेवतात आणि बसवल्यावर रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) फिरवत नाहीत, रीमरने त्याची तेल धरणारी छिद्रंच बुजतात.

आता तारा कापण्याचं कारण: कार्बन, म्हणजे कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे ब्रश. या मोटरला तीन असतात. दोन सारखे, आणि जास्त वेगासाठीचा तिसरा टोकाशी पायरीसारखा अरुंद. सारखे दोन झिजून 4.8 मिलिमीटरवर आले, किंवा तिसऱ्याचा अरुंद भाग संपून पूर्ण रुंदी कम्युटेटरला टेकली, की तिन्ही एकदम बदलायचे. दुकानात तयार संच नसला तर ड्रिल मशीनचा कार्बन कानशीने घासून बसवून देतात. ड्रिलचा कार्बन 230 व्होल्टसाठी केलेला असतो. 12 व्होल्टवर तो पुरेसा करंट देत नाही आणि कम्युटेटरही खातो. शिवाय तिसऱ्याची पायरी हाताने नेमकी साधत नाही, मग दोन्ही वेग जवळजवळ सारखेच भासतात. संच आधी बाहेरून मागवून घेऊन जा, लावून देतात, कुरकुर करत नाहीत.

गरारीचंही तेच. तिच्यावर 110, 130 असा अंशांतला कोन कोरलेला असतो, आणि तो केबल किती सरकेल हे ठरवतो. दुकानाच्या खोक्यात सगळ्या कोनांच्या जुन्या गरारी एकत्र पडलेल्या आहेत. चुकीची बसली तर पाती काचेबाहेर जाऊन फ्रेमवर आपटतात किंवा अर्धी काच ओलीच राहते. आपल्या गरारीवरचा आकडा फोनमध्ये टिपून ठेवा.

जोडणी चोख. योक आणि गिअरबॉक्सवरच्या खुणा जुळवून बसवतात. योक उलटा बसला तर मोटर उलटी फिरते आणि पाती जागेवर थांबवणारा पार्किंगचा स्विच बिघडतो. आर्मेचरचा पुढेमागे खेळ 0.05 ते 0.2 मिलिमीटर. हा खेळ जुळवायचा स्क्रू असलेल्या मोटरला तो टेकेपर्यंत आत घालून पाव फेरा मागे घेतात आणि नट आवळतात. मात्र शेवटी हौसेने चंदेरी रंग मारतात आणि त्याखाली त्याच खुणा बुजतात. रंग नको म्हणून आधीच सांगा.

पार्किंगचा स्विच ते उघडत नाहीत, बदलतात. ते बरोबर आहे. हा स्विच वायपर बंद करताना मोटरचीच वीज शॉर्ट करून तिला ब्रेक लावतो. त्याचे संपर्क जळले की पाती काचेच्या मध्येच थांबतात किंवा थांबतच नाहीत, आणि घासून केलेली दुरुस्ती एक पावसाळाही काढत नाही.

मोटर ताब्यात घेताना टेबलावर 13.5 व्होल्टवर चालवून दाखवायला सांगा. एक मिनिट चालल्यावर, केबल न जोडता, साध्या वेगात 1.5 अँपियर आणि मिनिटाला 46 ते 52 फेरे, जास्त वेगात 2 अँपियर आणि 60 ते 70. करंट जास्त आणि फेरे कमी दिसले तर बुश तिरका बसलाय किंवा खेळ कमी राहिलाय, तिथेच परत उघडायला लावा. गाडीवर बसवल्यावर पहिली चाचणी काचेवर पाणी ओतूनच घ्यायची.

फियाट-पद्मिनीच्या मोटरही घेतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हापासून ते काम कमी झालंय म्हणे, त्यामुळे तिचं लवकर मिळतं. 14डब्ल्यूला दहा-बारा दिवस धरा. आर्मेचर भरायचं, म्हणजे त्याची तार नव्याने गुंडाळायची असेल तर मे उजाडायच्या आत द्या, नंतर रांग लागते. दुकानासमोर एकच गाडी उभी राहते आणि रविवारी बंद.