धक्का: भरावाचा की खांबांवरचा?

दापोलीजवळच्या हर्णैला मासळीचा लिलाव वर्षानुवर्षं पुळणीवरच होत आला. छोट्या होड्या, बैलगाड्या माल किनाऱ्यावर आणतात. अशा बंदराचा धक्का नव्याने बांधायचा तर दगडभराव, म्हणजे समुद्रात दगड टाकून केलेला धक्का, स्वस्त, दुरुस्तीला सोपा. पण तो प्रवाह अडवतो. एका बाजूला वाळू साचते, दुसरीकडे किनारा खचतो आणि होड्या लागायच्या जागीच गाळ बसतो. मग उपसा आलाच.

खांबांच्या धक्क्याखालून भरती-ओहोटी मोकळी वाहते. खर्च जास्त, खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, खांब ठोकताना मासे बुजतात. तरी मी खांबांच्याच बाजूने. शेजारी आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती वाळू हलता कामा नये. पर्यावरण तपासणीत किनाऱ्याची मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा व्हायलाच हवी.