टीएसआय ३००७ कणमोजणी यंत्र: गळती शोधायला उत्तम, निकाल द्यायला अपुरे

नॅनोपावडर (नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची पूड) हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात सुरक्षेसाठी पहिले उपकरण घ्यायचे ठरले की बहुतेक वेळा यादीत वर येते ते हातात धरता येणारे कंडेन्सेशन पार्टिकल काउंटर, म्हणजे सीपीसी. टीएसआय कंपनीचे ३००७ हे त्यातले सर्वात रुळलेले मॉडेल. यंत्र चांगलेच आहे. मात्र खरेदीच्या फाइलमध्ये ‘कामगारांचा एक्स्पोजर मोजण्यासाठी’ असे कारण लिहिलेले असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. हे यंत्र कण कुठून सुटतात ते दाखवते. कामगाराच्या फुप्फुसात किती गेले आणि ते मर्यादेत होते का, हे ते सांगू शकत नाही.

आत काय घडते ते थोडक्यात. खेचलेली हवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या वाफेतून जाते, पुढे थंड भागात ती वाफ कणांवर जमते आणि प्रत्येक कणाचा लेसरला दिसेल एवढा थेंब होतो. थेंब मोजले की कण मोजले. १० नॅनोमीटरचा कण असो वा ५०० चा, थेंब जवळपास सारखाच. म्हणून यंत्र संख्या देते, आकार देत नाही. कण टायटॅनियम डायऑक्साइडचा की शेजारच्या फोर्कलिफ्टच्या धुराचा, हेही त्याला कळत नाही. माप १० नॅनोमीटरपासून १ मायक्रोमीटरच्या थोडे वरपर्यंत, कमाल १,००,००० कण प्रति घन सेंटिमीटर, अचूकता ±२० टक्के. प्रतिसाद काही सेकंदांत मिळतो आणि हाच या यंत्राचा खरा गुण.

चालवायला सोपे आहे, पण आळशी माणसासाठी नाही. विक (अल्कोहोल धरून ठेवणारी वात) कार्ट्रिजसह अल्कोहोलच्या कॅप्सूलमध्ये काही मिनिटे भिजवायचे, जादा अल्कोहोल झटकून टाकायचे, मग बसवायचे. अल्कोहोल रिएजंट ग्रेडचेच हवे. दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे जंतुनाशक अजिबात चालत नाही, कारण त्यातल्या पाण्यामुळे थेंब नीट वाढत नाहीत आणि आकडा गुपचूप खाली येतो. दमट हवेत तासन्‌तास चालवले तर चांगले अल्कोहोलही पाणी शोषते. आकडे हळूहळू उतरू लागले की आधी विक बदलून पाहावी, हवा स्वच्छ झाल्याचा आनंद नंतर. एका भिजवणीत सामान्य तापमानाला सहा ते आठ तास काम होते. सहा एए अल्कलाइन बॅटऱ्या पाचेक तास टिकतात, तेव्हा पूर्ण पाळी मोजायची असेल तर अडॅप्टर लागतोच. ३५ अंश सेल्सियसच्या वर हे यंत्र वापरू नये. भट्टी किंवा स्प्रे ड्रायरच्या अंगाला टेकून मोजमाप घेण्याचा विचार सोडून द्यावा.

सर्वात जास्त बिघाड होतो तो तिरके धरल्याने. कपाटामागे किंवा डक्टच्या वर नळी घालायची म्हणून अख्खे यंत्रच आडवे केले जाते, अल्कोहोल ऑप्टिक्समध्ये, म्हणजे लेसरने थेंब मोजणाऱ्या भागात, उतरते, आणि आकडा एकतर उड्या मारतो किंवा शून्यावर अडकतो. यंत्र सरळ ठेवावे आणि नळी लांबवावी. पण नळी लांबवली की लहान कण तिच्या भिंतींना चिकटून बसतात, म्हणून ती आखूड आणि विद्युतवाहक घ्यावी. साध्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर विजेमुळे आणखी कण वाया जातात. आणि प्रवासाला निघताना विक काढून बंद टोपी लावावी. नुसते बंद करून बॅगेत टाकलेले यंत्र ठिकाणी पोहोचेपर्यंत भिजलेले असते.

रोजची तपासणी दोन मिनिटांची आहे. शून्य फिल्टर (सगळे कण अडवणारा) लावला की आकडा शून्याला यायला हवा. आला नाही तर गळती आहे किंवा ऑप्टिक्स ओले आहे. फिल्टर काढून बाहेरच्या हवेत धरले की हजारांत आकडा दिसायला हवा. शहरी हवेत तर तो सहज पाच अंकी जातो. दोन यंत्रे वापरणार असाल तर कामाआधी ती दहा-पंधरा मिनिटे शेजारी ठेवून एकाच हवेत चालवा. प्रत्येकाची चूक ±२० टक्के असू शकते, तेव्हा दोघांत चाळीस टक्क्यांची तफावत निघाली तरी यंत्र बिघडलेले नसते. मात्र ती तफावत लिहून ठेवली नसेल, तर नंतरची तुलना निरर्थक.

आता मुख्य मुद्दा. आकडा पाहून घाबरणे आणि आकडा पाहून निश्चिंत होणे, दोन्ही चुकीचे कसे, हे एका गणितात कळते. अमेरिकेतील नायॉश या कामगार सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने २०११ मध्ये अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइडसाठी ०.३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवली. कण ५० नॅनोमीटरचे, भरीव आणि गोल धरले, घनता ४.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर या वस्तुमानासाठी जवळपास ११ लाख कण प्रति घन सेंटिमीटर लागतात. यंत्राची कमाल मर्यादा १ लाख! म्हणजे नायॉशची मर्यादा ओलांडली जाण्याच्या खूप आधी यंत्राची क्षमता संपते, कारण दाट हवेत दोन-दोन कण एकदम लेसरसमोर येतात आणि एकच मोजला जातो. डायल्युटर (नमुन्यात स्वच्छ हवा मिसळून तो विरळ करणारे साधन) लावता येतो, पण त्याचा गुणक तपासलेला हवा. उलट, प्रत्यक्षात पावडर सुटे कण उधळत नाही, गोळे उधळते. गोळा ५०० नॅनोमीटरचा निघाला तर एकेक हजारपट जड. मग तेच ०.३ मिलिग्रॅम सुमारे १,१०० कणांत भागते. गोळे पोकळ असतात म्हणून निम्मी घनता धरली तरी २,२०० च्या आसपास. खोलीची पार्श्वभूमीच ८,००० असेल तर हा उसळा स्क्रीनवर धड दिसणारही नाही.

चांदीचे उदाहरण तर आणखी बोचरे. १०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्राथमिक कणांच्या चांदीसाठी नायॉशने २०२१ मध्ये ०.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा दिली. ४० नॅनोमीटरचे सुटे कण धरले तर ती सुमारे २,५०० कण प्रति घन सेंटिमीटरला भरते. एवढे कण तर सोल्डरिंगच्या टेबलापासून चार पावलांवर मिळतात.

कार्बन नॅनोट्यूबसाठी हे यंत्र जवळपास निरुपयोगी म्हणावे. नायॉशने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, मूलद्रव्य कार्बन म्हणून मोजलेली. हवेत येतात ते गुंतलेल्या धाग्यांचे मोजके गुंते. मोजणीत प्रत्येक गुंता एकच कण. तिथे क्वार्ट्झ फिल्टरवर नमुना घेऊन मूलद्रव्य कार्बनचे विश्लेषण, आणि दुसऱ्या फिल्टरवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, हाच रस्ता.

मग वापरायचे कशासाठी? गळती शोधायला, आणि त्यात याला तोड नाही. काम सुरू होण्याआधी किमान अर्धा तास पार्श्वभूमी नोंदवा, लॉगिंग एका सेकंदाला एक. मग तीन जागा: स्रोताजवळ काही सेंटिमीटरवर, कामगाराच्या नाकातोंडाजवळ, आणि खोलीत दूर. प्रत्येक कृतीची वेळ सेकंदासह लिहिणारा दुसरा माणूस हवाच. पिशवी उघडणे, तोलणे, ओतणे, ड्रम झाकणे, सांडलेले पुसणे असे सगळे. नोंद नसलेला उसळा म्हणजे कचरा. पार्श्वभूमीची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने, या रूढ निकषाच्या वर आकडा गेला की तो उसळा तपासण्याजोगा. वर न जाणे ही मात्र सुरक्षिततेची पावती धरू नये, वरचे गणित पाहा.

फसवे स्रोत आधी बंद करा. ब्रशवाल्या मोटारीचा व्हॅक्यूम क्लिनर, हॉट प्लेट, लेसर प्रिंटर, सोल्डरिंग, डिझेलची वाहने. यादीत क्वचित येणारा एक स्रोत म्हणजे पिशवी बंद करणारा हीट सीलर. पावडर भरून सील करताना येणारा मोठा उसळा अनेकदा वितळत्या प्लास्टिकचा असतो. रिकामी पिशवी सील करून पाहिली की लगेच उलगडते.

हेपा फिल्टरची (हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीची) तपासणीही याने झटपट होते. फिल्टरमधून हवा बाहेर पडते त्या बाजूला आकडा शून्याजवळ राहायला हवा. गास्केटच्या कडेने नळी हळू फिरवली की फट सापडते. फ्यूम हूडच्या (हवा आत ओढणाऱ्या कामाच्या कपाटाच्या) तोंडाशीही तसेच. हवेचा वेग ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद असला तरी समोर उभ्या माणसामुळे भोवरे होतात आणि पावडर बाहेर येते. वेग वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडते. कडेपासून आत सरकून काम केल्यावर आकडा पडतो का, ते याच यंत्रावर तिथल्या तिथे दिसते. प्रशिक्षणासाठी याहून परिणामकारक साधन नाही.

स्पर्धकांपैकी डिस्कमिनीसारखी विद्युतभारावर चालणारी यंत्रे अल्कोहोल मागत नाहीत, कशीही धरता येतात, कणांचा सरासरी आकारही देतात आणि १० लाखांपर्यंत मोजतात. पण त्यांची चूक ±३० टक्क्यांच्या घरात, आणि ३०० नॅनोमीटरच्या वरचे गोळे आले की आकार व संख्या दोन्ही भरकटतात. पावडर ओतण्याच्या कामात नेमके तेच गोळे असतात. कामगाराच्या अंगावर लावून फिरवायचे असेल तर ती बरी, गळती शोधायला ३००७.

ॲल्युमिनियमसारख्या ज्वलनशील धातूंची नॅनोपावडर किंवा द्रावकांची वाफ असलेल्या जागी हे यंत्र नेऊ नये. ते स्फोटक वातावरणासाठी बनवलेले नाही, शिवाय स्वतःच अल्कोहोल बाळगून असते.

एकटेच घ्यायचे असेल तर थांबा. सोबत ०.३ ते १० मायक्रोमीटर मोजणारा ऑप्टिकल काउंटर हवा, म्हणजे गोळे दिसतील, आणि फिल्टर नमुन्यांसाठी एक पंप व विश्लेषण करणारी प्रयोगशाळा. पैसे दोघांपुरतेच असतील तर पंप आणि ऑप्टिकल काउंटर आधी, ३००७ नंतर.