माला-एन दोन वर्षं घेतल्यानंतरचा अनुभव (लपवून घेतली तेव्हा विसरले, सांगून घेतली तेव्हा चालू राहिली)

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हापासून माला-एन, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायची सरकारी गोळी, घेतेय, आता दोन वर्षं होऊन गेली. मैत्रिणी, नणंद, शेजारच्या वहिनी सगळ्या हळूच बाजूला घेऊन विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी आधी गेले होते तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. उपकेंद्रातल्या सिस्टरनी गोळ्या दिल्याच नाहीत, म्हणाल्या अंगावर पाजतेस ना, सहा महिने होऊ देत, यातल्या इस्ट्रोजेन हार्मोनमुळे दूध कमी होऊ शकतं, तोवर निरोध वापरा किंवा छाया नावाची बिनहार्मोनची गोळी घे, ती पाजताना चालते. मला तेव्हा राग आला होता, वाटलं टाळतायत. सहा महिन्यांनी परत गेले तर आधी बीपी बघितलं, मग प्रश्नच प्रश्न, अर्धशिशी आहे का, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली का, कावीळ, टीबीच्या नाहीतर फिटच्या गोळ्या चालू आहेत का, सिगारेट बिडी ओढतेस का. हे सगळं का विचारतात ते मला जावेमुळे कळलं. तिने मेडिकलमधून अशीच गोळी आणली, कुणी काही विचारलं नाही, चार महिने घेतली, आणि तिला अर्धशिशी आहे, चमकणारीच. अशा बाईला इस्ट्रोजेनची गोळी देतच नाहीत कारण मेंदूत गुठळी होऊन पॅरालिसिसचा धोका वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच बंद करून तांबी बसवली. म्हणजे औषध तेच, मला चाललं, तिला चालणारं नव्हतं, आणि फरक फक्त पाच मिनिटं कुणीतरी विचारपूस करण्याचा.

आता गोळीबद्दल. पाकिटात 28 गोळ्या, 21 पांढऱ्या आणि 7 तपकिरी. पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायोल (हेच ते इस्ट्रोजेन) 0.03 मिलिग्रॅम, तपकिरीत नुसतं लोह, पाळी त्याच दिवसांत येते. रोज एक, मध्ये गॅप नाही, पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवीन. सरकारी केंद्रात फुकट, आशाताई घरी आणून देतात तेव्हा पाकिटाला 1 रुपया. एकदा आमच्याकडे स्टॉकच नव्हता, पाच दिवस हेलपाटे घातले, शेवटी मेडिकलमधून पैसे देऊन दुसऱ्या नावाची आणली, फार्मासिस्टला दोन्ही आकडे दाखवले, तेच होते. ज्या बाईच्या हातात तेवढे पैसे नसतील तिची गोळी तिथेच सुटते हे मला त्या आठवड्यात नीट समजलं.

पहिले तीन महिने खरंच कठीण. सकाळी घेतली की मळमळ, मध्येच डाग. सिस्टरनी सांगितलं रात्री जेवून घे, डाग तीन महिन्यांत बसतील, आणि बसले. पण बहुतेक बायका इथेच सोडतात, कारण हे होणार आहे असं कुणी आधी सांगितलेलंच नसतं, आणि शेजारून "उष्ण पडते गं", "पोटात गोळ्या साठून गाठ होते" असं चालू असतं. गोळी विरघळून जाते, साठत नाही. उलट अशा गोळ्यांनी अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. बंद केली की दिवसही राहतात, कायमचं वांझपण वगैरे काही येत नाही. माझा रक्तस्राव आणि पोटदुखी दोन्ही कमी झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला मी गोळ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवायचे, घरात कुणाला माहीत नव्हतं, सासूबाईंना लगेच दुसरं मूल हवं होतं. खोलीत कुणी असलं की काढता यायची नाही आणि मग राहूनच जायची. एका महिन्यात लागोपाठ दोन राहिल्या, पुढचे पंधरा दिवस जीव मुठीत. एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची, दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घेऊन पुढे रोज चालू ठेवायची आणि सात दिवस निरोध वापरायचा. नियम न चुकता घेतली तर वर्षभरात 100 बायकांमध्ये एकीलाही क्वचित दिवस राहतात, पण घरोघरी जशी घेतली जाते तशी धरली तर साधारण 7 जणींना. तो फरक औषधाचा नाही, साड्यांखालचा आहे. मग मी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी तोंड पाडलं, दोन दिवस बोलला नाही, नंतर स्वतःच मोबाईलला साडेनऊचा अलार्म लावला.

गौरीच्या वेळी नणंद पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आली, मलाही देत होती. त्या वेगळ्या, त्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही, आणि माला-एन घेणाऱ्या बाईला त्या लागतही नाहीत, तपकिरी सोडून सरळ नवीन पाकिटाची पांढरी सुरू केली की पाळी पुढे जाते. हे मी सिस्टरना विचारूनच केलं.

आपल्याकडे आजही गर्भनिरोधन म्हणजे बाईचं ऑपरेशन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात लग्न झालेल्या 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं, गोळी घेणाऱ्या फक्त 5.1 टक्के. एक मूल झालंय, दुसरं हवंय पण आत्ता नको, अशा माझ्यासारखीला ऑपरेशनचा काय उपयोग?

गोळीला माझ्याकडून 5 पैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की एचआयव्ही किंवा गुप्तरोगापासून ही वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो. आमच्या सिस्टरना पूर्ण 5, स्टॉकच्या व्यवस्थेला 2.

सासूबाईंना आशाताईंनी समजावलं. त्यांची स्वतःची पहिली दोन बाळंतपणं सव्वा वर्षाच्या आत झालेली, दुसऱ्या वेळी रक्त चढवावं लागलं होतं, ते त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर बोलल्या. परवा मी शेतात होते, तेव्हा आशाताई तीन पाकिटं देऊन गेल्या, ती सासूबाईंनीच घेतली, 3 रुपये दिले आणि टीव्हीशेजारी माझ्या चार्जरजवळ ठेवली.