फेअरी-स्टॉकफिशवर नवा बुद्धिबळ-प्रकार घडवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वतःचे मोहरे आणि स्वतःचे नियम घालून नवा बुद्धिबळ-प्रकार बनवायचा असेल, तर फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, हाताशी हवंच. फॅबियन फिख्टर यांनी नेहमीच्या बुद्धिबळाच्या स्टॉकफिश इंजिनाच्या पायावर ते उभं केलं, ते मोफत आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. काही महिने नियमित वापरल्यावर माझं मत असं: तुमचा खेळ रंगतदार आहे की नाही हे ते सांगणार नाही, पण तो कुठे फुटतोय हे मिनिटाभरात दाखवतं. नवा खेळ रचताना निम्मं काम तेच असतं.

आधी डाउनलोडबद्दल. इंजिनाच्या दोन आवृत्त्या मिळतात. साधी आवृत्ती ८×८ पटापुरती आहे. त्याहून मोठ्या पटासाठी ‘लार्जबोर्ड’ आवृत्ती घ्यावी लागते आणि तिची मर्यादा १२ उभ्या, १० आडव्या पट्ट्या. जुना जगज्जेता कापाब्लांका याच्या १०×८ पटासारखं काही करणार असाल तर थेट मोठीच घ्या. आपला प्रकार यादीत दिसतच नाही, अशी तक्रार नव्या लोकांकडून वारंवार येते. तेव्हा पट मोठा आणि इंजिन छोटं, असं तर नाही ना, हे सगळ्यात आधी बघायचं.

नियम एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहायचे असतात. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. वरच्या ओळीत आपल्या प्रकाराचं नाव आणि तो कोणत्या प्रकारावर आधारलाय ते लिहायचं. नेहमीचं बुद्धिबळ आधाराला घेतलं की कॅसलिंग, आँ पासाँ, पन्नास चालींचा नियम हे सगळं आपोआप येतं. पुढच्या ओळींत फक्त जे बदललंय तेवढंच. मोहऱ्याची चाल अमेरिकन फिडे मास्टर राल्फ बेट्झा यांच्या लिपीत लिहितात. तिच्यात प्रत्येक उडीला एक अक्षर आहे: उभं-आडवं एक घर म्हणजे डब्ल्यू, तिरकं एक घर एफ, सरळ दोन घरं डी, तिरकी दोन ए, घोडा एन, तीन-एकची उडी सी, तीन-दोनची झेड. अक्षरं जोडली की चाली जोडल्या जातात. अक्षराच्या आधी छोटं ‘एम’ लावलं तर मोहरा त्या चालीनं फक्त सरकतो, छोटं ‘सी’ लावलं तर फक्त मारतो. डब्ल्यू आणि ए एकत्र लिहिलं की एक घर सरळ किंवा तिरकी दोन घरं उडी मारणारा मोहरा तयार. पहिला मोहरा पाच मिनिटांत पटावर येतो, हे या साधनाचं सगळ्यात मोठं सुख.

फाइल लिहून झाली की इंजिनाची ‘चेक’ आज्ञा चालवा. शब्द चुकला असेल, अनोळखी पर्याय असेल तर ती सांगते. पण विचारातली चूक तिला कळत नाही. त्यासाठी ‘परफ्ट १’ ही आज्ञा आहे: सुरुवातीच्या स्थितीत किती कायदेशीर चाली आहेत आणि कोणत्या, याची यादी ती देते. नेहमीच्या बुद्धिबळात हा आकडा २० येतो. तुमच्या प्रकारात किती यायला हवा हे आधी कागदावर हातानं मोजा आणि मग जुळवा. जुळला नाही तर पुढे जाऊ नका. बढतीची यादीही वेगळी लिहावी लागते. घोडे काढून टाकले आणि प्याद्याच्या बढतीच्या यादीत घोडा तसाच राहिला, ही अगदी नेहमीची चूक आहे आणि ती परफ्ट १ मध्ये दिसत नाही, कारण पहिल्या चालीला कोणाचीच बढती होत नसते.

आता एक उदाहरण खोलात बघू. समजा उंटांच्या जागी तीन-एक उडीचे मोहरे ठेवले. त्यांना सांडणी म्हणू. घोड्यांच्या जागी तीन-दोन उडीचे झेब्रे. कागदावर मांडणी छान दिसते. परफ्ट १ चा आकडा २४ येतो: प्याद्यांच्या १६ चाली, चारही उडीवाल्यांच्या प्रत्येकी दोन. आकडा बरोबर, फाइल बरोबर, आणि तरीही मांडणी मोडकी आहे. नेहमीच्या मांडणीत बी७ आणि जी७ या प्याद्यांना राखणारे मोहरे फक्त उंट असतात. उंट काढले की ही दोन्ही प्यादी उघडी पडतात. पांढऱ्यानं पहिल्याच चालीला बी१ वरचा झेब्रा डी४ वर नेला की तिथून तो बी७ वर आणि एफ७ वर एकदम रोखतो. एफ७ राखलेलं आहे, बी७ नाही. काळ्यानं भलतीकडे चाल केली तर दुसऱ्या चालीला प्यादं फुकट. जी१ वरचा झेब्रा ई४ वर आला तर तीच गत जी७ ची.

एवढ्यावर भागत नाही. समजा पांढऱ्यानं जी१ वरचा झेब्रा डी३ वर आणला आणि काळ्यानं एफ८ वरची सांडणी ई५ वर काढली. चाल अगदी नैसर्गिक, पण जी५ हे घर तीच राखत होती. आता झेब्रा जी५ वर उडी मारून शह देतो. उडीच्या शहाला मध्ये काही घालता येत नाही, जी५ वर मारायला कोणी नाही. राजाला एफ८ वर जावं लागतं आणि कॅसलिंग कायमचं हुकतं. तेही दुसऱ्याच चालीत.

म्हणून नवे मोहरे ठरवताना पहिलं काम हे: सात क्रमांकाच्या पट्टीवरच्या आठही प्याद्यांसमोर त्यांना कोण राखतंय ते लिहून काढा. ज्याच्यासमोर रिकामी जागा उरेल तिथे खेळ फुटणार. कापाब्लांकाच्या प्रसिद्ध १०×८ मांडणीतही हाच दोष आहे. तिथे आय७ वरच्या प्याद्याला कोणीच राखत नाही, आणि पांढऱ्यानं डी४ खेळताच सी१ वरचा, उंट आणि घोडा या दोघांच्या चाली असलेला आर्चबिशप थेट त्याच्यावर रोखतो. जगज्जेत्याच्या मांडणीतून जे निसटलं ते आपल्याही मांडणीतून निसटू शकतं, पण इंजिनाला अशी जागा लगेच सापडते. प्रत्येक पहिल्या चालीनंतरचं मूल्यांकन वेगवेगळं काढून घ्या; एखाद्याच चालीला पांढऱ्याचं पारडं एकदम झुकलं तर तिथेच बघा.

वरच्या उदाहरणावर उपाय सोपा आहे. सांडणीला तिरकं एक घर जोडून द्या, म्हणजे लिपीत एफ आणि सी. परफ्ट १ चा आकडा २४ च राहतो, पण बी७ आणि जी७ दोन्ही राखली जातात. झेब्र्याचा जी५ चा शह मात्र तसाच उरतो. तिथे माझा स्पष्ट सल्ला: झेब्रा सोडा, घोडे परत आणा. एका वेळी एकच नवा मोहरा. दोन नवे एकदम आणले की बिघाड कोणामुळे झाला ते कळत नाही.

मोहऱ्याची किंमत हा या साधनाचा कच्चा भाग. नव्या मोहऱ्याची किंमत इंजिन त्याच्या हालचालींवरून अंदाजानं ठरवतं. अंदाज वाईट नसतो, पण त्यावर विसंबू नका. स्वतःची तपासणी म्हणून रिकाम्या ८×८ पटावर मोहऱ्याला सरासरी किती घरं मिळतात ते काढा. घोड्याला ५.२५, उंटाला ८.७५, हत्तीला कायम १४. साध्या सांडणीला ४.३७५, झेब्र्याला ३.७५, डब्ल्यू-ए मोहऱ्याला ५.७५. हा शेवटचा आकडा घोड्याच्या जवळचा, म्हणून घोड्याच्या जागी तो सहज बसतो. तिरकं घर जोडलेल्या सांडणीला ७.४३७५ मिळतात, पण ती आयुष्यभर एकाच रंगाच्या घरांवर राहते. असे रंगबद्ध मोहरे जोडीनं असतात तेव्हा जास्त मोलाचे ठरतात. एकटा मोजाल तर किंमत कमी दिसेल. पट मोठा केला तरी गणित बदलतं: १०×१० वर घोडा ५.२५ वरून ५.७६ वर जातो, हत्ती १४ वरून १८ वर. मोठ्या पटावर छोट्या उड्यांचे मोहरे मागे पडतात ते यामुळेच.

खरी किंमत काढायची तर इंजिनाला स्वतःशीच खेळवा. एका बाजूचे दोन घोडे काढा, दुसऱ्या बाजूचे दोन नवे मोहरे काढा, रंग आलटून-पालटून डाव लावा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: एकाच थ्रेडवर, ठरावीक खोलीवर आणि दर डावाआधी हॅश (इंजिन आधी तपासलेल्या स्थिती साठवतं ती जागा) रिकामा करून खेळवलं, तर इंजिन तोच डाव पुन्हा पुन्हा खेळतं आणि शंभर डावांचा निकाल म्हणजे एकाच डावाच्या शंभर प्रती होतात. सुरुवातीच्या चार-सहा अर्धचाली (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धचाल) यादृच्छिक टाका आणि त्यातल्या एकतर्फी झालेल्या स्थिती गाळून टाका. दुसरा: थोड्या डावांवरून निष्कर्ष. बरोबऱ्या धरून एका डावाच्या निकालाचं विचलन साधारण ०.४ असतं. म्हणजे १०० डावांत चूक चार टक्क्यांची, ४०० डावांत दोन टक्क्यांची. १०० डावांत ५४ टक्के मिळाले म्हणून आनंदून जाण्यात अर्थ नाही. दहा सेकंद आणि दर चालीला एक दशांश सेकंद असा वेळ दिला, चार कोअरवर चार डाव एकदम लावले, तर ४०० डाव तासाभरात होतात. डाव लावण्यासाठी पायएफफिश ही पायथन लायब्ररी वापरा. कायदेशीर चाली आणि डावाचा निकाल ती तुमच्याच नियमांच्या फाइलवरून काढून देते. निघालेली किंमत फाइलमध्ये हातानं लिहिता येते, आणि लिहावीच, कारण किंमत चुकलेलं इंजिन मोहऱ्यांची अदलाबदल चुकीची करतं आणि मग पुढचे सगळेच निकाल वाकडे येतात. न्यूरल नेटवर्क शिकवायचीही सोय आहे, पण त्याला डावांचा प्रचंड साठा आणि चांगलं ग्राफिक कार्ड लागतं. नियम अजून बदलत असताना त्या वाटेला जाऊ नका.

नियमांच्या बाबतीत हात बराच मोकळा आहे. प्याद्याची दोन घरांची पहिली चाल बंद करता येते, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या देशी खेळासारखं एकेक घर. चाल उरली नाही तर बरोबरीऐवजी हार देता येते. मारलेला मोहरा पुन्हा पटावर उतरवणं, राजा ठरावीक घरांवर पोचला की जिंकणं, मारताना आजूबाजूची घरं उडवणं, सगळं काही ओळींत होतं. डाव फार बरोबरीत सुटत असतील तर आधी कोंडीचा, म्हणजे चाल न उरण्याचा, नियम बदलून बघा. मोहरे वाढवल्यानं प्रश्न सुटतोच असं नाही. रंगबद्ध, मात करू न शकणारे मोहरे वाढले तर बरोबऱ्या उलट वाढतात. एकट्या सांडणीनं राजाला मात देता येत नाही, हे घोड्यासारखंच.

जिथे हात टेकावे लागतात तेही सांगतो. चू शोगी या जुन्या जपानी खेळातल्या सिंहासारखी, एका चालीत दोनदा मारणारी चाल इथे लिहिता येत नाही. मोहऱ्याला ढकलणं, ओढणं, त्याच्यापासून लांब सरकून त्याला मारणं, असल्या कल्पना लिपीत बसत नाहीत. त्यासाठी १९९८ सालचं झिलियन्स ऑफ गेम्स अजूनही कामाचं आहे. त्यात नियम जवळपास हवे तसे लिहिता येतात, खेळ मात्र कमकुवत असतो आणि ते विकत घ्यावं लागतं. दुसरी अडचण दिसण्याची. इंजिनाला स्वतःचा पट नाही, काळ्या खिडकीत अक्षरांचा पट दिसतो. ब्राउझरमध्ये चालणारं फेअरीग्राउंड ही उणीव भरून काढतं, नियमांची फाइल तिथेच चढवता येते. माणसाविरुद्ध खेळवायचं तर स्किल लेव्हल उणे २० ते २० यांत कुठेही ठेवा. नवे मोहरे शिकणाऱ्याला शून्याच्या खालीच ठेवावी लागते.

आणि माणसांत खेळवल्याशिवाय प्रकार पक्का म्हणू नये. इंजिनाला कोणतीच उडी अवघड नसते, माणसाला असते. अडीच घरं अंगवळणी पडलेला खेळाडू तीन-एकची उडी हळूहळू पकडतो, तीन-दोनची मात्र दर वेळी बोटानं मोजतो. घरच्या चाचणीसाठी नवे मोहरे घडवून घ्यायची गरज नाही. कॅरमच्या पांढऱ्या आणि काळ्या सोंगट्या नऊ-नऊ असतात, त्या पुरून उरतात. वर गोल स्टिकर चिकटवा आणि त्यावर ७×७ ची बारीक जाळी काढून उडीच्या घरांवर ठिपके द्या. तीन घरांपर्यंतची उडी ५×५ च्या जाळीत मावत नाही. स्टिकर दोन्ही खेळाडूंना सारखाच वाचता येतो, कारण या उड्या चारही बाजूंनी समान असतात. फक्त पुढे जाणारा मोहरा असेल तर पुढची दिशा बाणानं दाखवा, नाहीतर सोंगटी फिरली की चाल उलटी वाचली जाते.

नियम बदलला की फाइलमधला जुना विभाग खोडू नका. नव्या नावानं खाली दुसरा लिहा आणि डाव साठवताना ते नाव डावासोबत ठेवा. नाहीतर दोन आठवड्यांनी जुना डाव उघडला की इंजिन त्यातली चाल बेकायदेशीर ठरवतं आणि चूक डावात आहे की नियमात, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.