रोजची डायरी, नऊ महिन्यांनंतर: फायदा आहे, पण रविवारला अर्धं पान का?

मागच्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरवरून कस्टमर केअरशी जुंपली, म्हणून आत्ताच लिहितेय. नाहीतर वर्ष संपल्यावर लिहिणार होते.

२०२५च्या जानेवारीत नाशकात रविवार कारंजावरून १९० रुपयांना डायरी घेतली. दुकानदार म्हणाला, 'रोजचं एक पान.' घरी येऊन उघडली तर शनिवार-रविवार एकाच पानावर. सोमवारला २४ ओळी, रविवारला नऊ! जी रविवार कारंजावर घेतली तिच्यातच रविवारची ही गत. आमच्याकडे पाहुणे रविवारी, भांडणं रविवारी, नळाला पाणी उशिरा येणार तेही रविवारी. बरं, कागद इतका पातळ की शाईचं पेन टेकवलं की मागच्या पानावर उमटतं. शेवटी पाच रुपयांचं बॉलपेन धरलं.

सुरुवातीला मनातलं सगळं ओतायचे. पान भरलं की हलकं वाटायच्याऐवजी जास्तच चिडचिड व्हायची. फेब्रुवारीत मैत्रिणीला ठासून सांगितलं होतं की हे रिकामटेकड्यांचे चोचले आहेत. ते शब्द मागे घेते. पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं होतं. लिहून उठल्यावर त्यांनाही वाईटच वाटत होतं. पण काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. मी नुसतं काय वाटलं तेच लिहीत होते. मग आधी घटना, खाली राग, अशी पद्धत धरली. अर्ध्या वेळा घटना लिहून होईपर्यंतच राग उतरतो.

त्याहून उपयोगाची निघाली ती झोपायच्या आधीची यादी. बेलर विद्यापीठाने ५७ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली छापून आला. त्यात उद्याची कामं लिहून झोपणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. माझी मिनिटं कुणी मोजली नाहीत, पण रात्री दोनला दचकून उठून 'गॅस बुक केला का?' हे बंद झालंय.

सवय लागायला २१ दिवस पुरतात ही थाप आहे. लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. एखाद्या दिवसाचा खाडा पडला तर बिघडत नाही, असंही त्यात आहे. मी भाचीच्या लग्नात ११ दिवसांचा पाडला. त्याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही.

आता ते फिल्टरचं. बाई म्हणाली, 'मॅडम, सिस्टिममध्ये दोनच व्हिजिट दिसतात.' मी डायरी उघडून वाचायलाच लागले. '४ ऑगस्ट, सकाळी ११चं सांगितलं, आला नाही. १२ ऑगस्ट, आला, पार्ट नाही म्हणून परत गेला, ३५० घेतले. २६ ऑगस्ट, गणपतीच्या आदल्या दिवशी, पुन्हा तेच, पुन्हा ३५०.' पलीकडे शांतता. ७०० रुपये परत आले. डायरीचे १९० वसूल, वर ५१०.

पण खरी रक्कम बुडाली ती रविवारी. १७ ऑगस्टला त्याने मेंब्रेन बदललं होतं, रोख पैसे घेतले, बिल दिलं नाही. डायरीत बघते तर काय: 'फिल्टरवाला आला. पैसे दिले.' किती? नाव काय त्याचं? आदल्या दिवशी, शनिवारी, दहीहंडी होती. गल्लीतले थर, डीजे, शेजारच्या पोराचा मुरगळलेला पाय, हे सगळं उतरत उतरत रविवारच्या हद्दीत घुसलं होतं. फिल्टरवाल्याला उरल्या दोन ओळी.

परवा पुढच्या वर्षाची चौकशी करायला त्याच दुकानात गेले. रविवारचं सांगितलं तर काका म्हणाले, 'ताई, रविवारी कोण लिहितं? सुट्टी असते.' त्यांच्या घरी रविवारी स्वयंपाक कोण करतं, ते विचारायचं राहिलं. २०० पानी दोन फुलस्केप वह्या घेऊन आले. तारखा मीच घालणार.